न ओरडणें म्हणजे संमति नव्हे

रामदासपेठ, नागपूर.

आजच्या पाठाचा विषय बोलण्यास कठीण आहे; परंतु मौन धरल्यानें दुर्बळांचें रक्षण होत नाहीं. म्हणून आपल्याच विदर्भांत घडलेला एक खटला क्रमवार समजून घेऊं.

तारीख २६ मार्च १९७२ च्या रात्रीं, तेव्हांच्या चंद्रपूर व हल्लींच्या गडचिरोली जिल्ह्यांतील देसाईगंज येथें, एक अनाथ आदिवासी मुलगी जबानीसाठीं पोलीस ठाण्यांत होती. ती मजुरीवर पोट भरी. वय अवघें चौदा ते सोळा. जबानी संपली, सोबतचीं माणसें बाहेर गेलीं, तिला मात्र आंत ठेवून घेतलें. तेथेंच पोलिसांनीं आपणांवर अत्याचार केला, असें तिनें सांगितलें.

सत्र न्यायालयानें १९७४ सालीं दोघां आरोपींस सोडलें. मुलीचें पूर्वींचें वागणें तिच्याविरुद्ध धरलें. नागपूरच्या उच्च न्यायालयानें १९७६ सालीं त्यांस दोषी ठरविलें; भयानें निमूट राहणें ही संमति नव्हे, असें त्यानें मानिलें. परंतु अंगावर जखमा नाहींत, आरडाओरड नाहीं, म्हणून सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं आरोपींस मुक्त केलें.

वाचकहो, ज्या दारीं रक्षण मागावयाचें तेंच दार आंतून बंद झालें, तर गरीब मुलीनें हांक कोणास मारावी? हाच प्रश्न उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार ह्या चार कायदेपंडितांनीं १९७९ सालीं सरन्यायाधीशांस खुलें पत्र लिहून पुढें आणिला. ठिकठिकाणीं स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ सालीं कायदा बदलला: पोलिसांच्या ताब्यांत संबंध झाल्याचें सिद्ध होऊन स्त्रीनें न्यायालयांत ‘संमति नव्हती’ म्हटलें, तर न्यायालयानें तसेंच गृहीत धरावें. केवळ प्रतिकार केला नाहीं, एवढ्यावरून संमति समजूं नये, असें २०१३ सालीं स्पष्ट झालें.

ह्यावरून आपण काय शिकावें? पीडितेचें शील तपासूं नये. पंचांत दंड घेऊन प्रकरण मिटवूं नये. तिला एकटी ठाण्यांत सोडूं नये. दवाखान्यांत विनामूल्य उपचार मिळणें हा तिचा हक्क आहे. तिचें नांव छापण्यास कायद्याची मनाई आहे. आपणही तें चारचौघांत उच्चारूं नये.

विचारासाठीं प्रश्न: १. उच्च न्यायालयानें संमति व निमूटपणा ह्यांत कोणता भेद केला? २. आपल्या गांवांत अशी मुलगी आली, तर तिचें म्हणणें प्रथम कोण ऐकेल?