ग्रेनेड टाकणाऱ्या टीममेटबद्दल

भोर

चि. सोन्यास,

परवा ताईचा फोन आला होता. टीममधल्या कुणा रँडम पोराने तुझ्यावर ग्रेनेड टाकला, तुझी लूट उचलली, वर माइकवर हसला. आणि मग तू त्याला जे सुनावलंस ते स्वयंपाकघरात तिला शब्दन् शब्द ऐकू आलं. फोन तिच्या कपाटात आहे म्हणे. तो कधी द्यायचा हे तिचं ती बघेल, मी मध्ये पडणार नाही. मी लिहितोय ते त्या पोराबद्दल, कारण बीजीएमआय हा मोबाइलवरचा लढाईचा खेळ मीही खेळतो आणि असली पोरं मलाही भेटतात.

खेळ बिघडवणारा प्रत्येक जण मुद्दाम बिघडवत नसतो. तुझंच बघ. तोरण्याच्या पायथ्याला पावसाळ्यात रेंजचा काही भरवसा आहे का? झोन आवळत येतो आणि तू जागच्या जागी थिजतोस. नॉक झालेला टीममेट रिवाइव्हसाठी ओरडत राहतो. तिकडे नागपूरच्या पोराला वाटतं, हा उभा राहून गंमत बघतोय. खरी शिवी टॉवरला बसायला हवी, बसते तुला. नवखा पोरगा गाडी आपल्याच माणसावर घालतो तेही बहुतेक वेळा हात बसलेला नसतो म्हणून. तेव्हा पहिल्या खेपेला काही बोलायचं नाही. पुन्हा झालं तर सरळ विचार, ‘भाऊ, नेट गेलं का?’ ज्याचं खरंच गेलं तो उत्तर देतो. मुद्दाम करणारा हसतो.

हसला की त्याच्याशी बोलणं बंद. चौघांतला एक मारून त्याला काय मिळतं? त्याची स्वतःची मॅचही तो अर्धी हरतो. तरी मारतो.

भोरमध्ये राहून शिवकाळाचा दाखला न देणं मला जमत नाही, तेव्हा एक देतोच. इथल्याच उत्रौळीचे खंडोजी खोपडे १६५९ मध्ये अफझलखानाला जाऊन मिळाले. त्यामागे वतनाची भाऊबंदकी होती. पुढे कारीच्या कान्होजी जेध्यांनी रदबदली केली म्हणून त्यांचा जीव वाचला. पण एक हात आणि एक पाय गेला. फितुराला काहीतरी हवं असतं. म्हणून त्याचं मन वळवता येतं, त्याला शिक्षेचा धाकही असतो. ग्रेनेडवाल्याला वतन नको, रँक नको. त्याला फक्त तुझा चढलेला आवाज हवा असतो, आणि तो तू त्याला पोटभर ऐकवलास.

म्हणून आधी म्यूट. उरलेल्या दोघांबरोबर मॅच शक्य तेवढी पुढे न्यायची. संपली की रिपोर्ट, मग ब्लॉक, आणि पुढची लॉबी. भातलावणीच्या सावडीला, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबायला, येऊन कुणी रोपं तुडवत हिंडला तर बांधावर त्याच्याशी कुणी वाद घालत बसत नाही. पुढे त्याच्या खाचरात सावडीला कुणी जात नाही, इतकंच. खेळातला मेरिटचा आकडा नेमकं हेच काम करतो. आपल्याच माणसांना मारणाऱ्याचे गुण कापले जातात आणि फारच उतरले की त्याला टीममध्ये खेळणं अवघड होतं. तुझ्या एका रिपोर्टने लगेच आभाळ कोसळणार नाही, तरी करायचा. अठराच्या आतल्यांना हा खेळ दिवसाला ३ तासच चालतो, आणि ताई तेवढाही चालू देत नसणार. त्यातली वीस मिनिटं अनोळखी पोराच्या खानदानाचा उद्धार करण्यात घालवणं मला तरी परवडलं नसतं.

आता तुझ्याबद्दल. ‘लीग ऑफ लेजंड्स’ काढणाऱ्या रायट कंपनीत जेफ्री लिन नावाचे एक संशोधक होते. खेळाडू एकमेकांशी असे का वागतात, हाच त्यांचा अभ्यास. त्यांना दिसलं की कायम त्रास देणारे जेमतेम १ टक्का असतात आणि एकूण घाणीत त्यांचा वाटा साधारण ५ टक्केच असतो. बाकीची सगळी तुझ्यामाझ्यासारख्यांची, ज्यांचा दिवस वाईट गेलेला असतो. असा चिडून तू पुढच्या मॅचमध्ये गेलास, तर तिथल्या तिघांना कसला टीममेट मिळेल? दोन मॅच अशा गेल्या की फोन खाली ठेव आणि खुशाल गोठ्यात चक्कर मारून ये.

आणखी एक. माइकवर नाव, शाळा, गाव सांगायचं नाही. कुणी विचारलं तर ‘पुणे’ पुरे. वेल्हे नको आणि तालुक्याचं नवं राजगड नावही नको. त्रास देणाराच नंतर गोड बोलून फुकट यूसी, म्हणजे खेळातले पैसे, देतो म्हणाला, ओटीपी मागू लागला, तर तिथल्या तिथे घरी सांगायचं. तेव्हा ताई रागावणार नाही, याची हमी माझी.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे रँडम खेळायचंच कमी. वर्गातली दोन पोरं गोळा कर, तिसरा तू, चौथा मी. रविवारी रात्री नऊला मी मोकळा असतो. फक्त तुमच्याकडची रेंज सुधारेपर्यंत गाडी मी चालवणार.

तुझा,
मामा