खोपोली लोकल पकडताना नाडी मोजून बघ

मने,

परवा फोनवर तू फार बोलली नाहीस, पण मागून काकांचा आवाज मला ऐकू येत होता. ‘खेळाच्या विषयातसुद्धा ७० पैकी ३८? मग फिजिक्सचं काय?’ तू गप्प राहिलीस आणि फोन ठेवलास. मी रात्री बराच वेळ जागी होते. त्या घरात मीही बारावीत हेच ऐकलंय गं, ‘खेळाचा विषय, त्यात अभ्यास कसला!’ आता मी रोज सकाळी शिट्टी गळ्यात अडकवून मैदानावर मुलींना शिकवते. म्हणून काकांशी मी बोलेन. तुझ्याशी मात्र वेगळं बोलायचंय.

तुझी शारीरिक शिक्षणाची उत्तरपत्रिका मी नीट बघितली. तुला येत नाही असं त्यात कुठेही दिसत नाही. तू पाठ केलेलं लिहिलंस, आणि चौथ्या ओळीला पाठांतर संपलं की तिथेच थांबलीस. हा विषय पाठ करून येत नाही, बाळा. यातलं जवळजवळ प्रत्येक पान तुझ्या अंगावर लिहिलेलं आहे. ते तिथे वाचलंस की पुस्तकातलं आपोआप लक्षात राहतं.

शाळा सुटली की तू पुलावरून धावत येऊन खोपोली लोकल पकडतेस ना? उद्या धापा टाकत डब्यात बसलीस की लगेच मनगटावर दोन बोटं ठेव आणि घड्याळ लावून अर्धा मिनिट ठोके मोज. अंगठा ठेवू नकोस, अंगठ्याची स्वतःची नाडी लागते. पळसदरी आलं की परत मोज, केळवलीला परत. आकडे वहीच्या मागच्या पानावर लिही. आठवडाभर कर. ठोके खाली यायला किती वेळ लागतो, हेच तर हार्वर्ड स्टेप टेस्ट मोजते. १६ इंची पायरीवर मिनिटाला ३० वेळा या लयीत ५ मिनिटं चढ-उतार करायची. मग बसायचं आणि एक मिनिट झाल्यावर पुढच्या अर्ध्या मिनिटातले ठोके मोजायचे. ३०० सेकंद गुणिले १००, भागिले साडेपाच गुणिले ते ठोके. ठोके ६० आले तर उत्तर ९०.९. नव्वदीच्या पुढे म्हणजे उत्तम. परीक्षेत तुझं सूत्र चुकलं, कारण साडेपाच कुठे येतो ते तुला आठवेना. स्वतःचे ठोके घालून चार वेळा हिशोब केलास की कधी विसरणार नाहीस. आपल्या ओट्याची पायरी टेपने मोज, कमी पडली तर वर एक फळी टाक. ती हलत नाही ना, ते आधी बघ.

आणि त्याच वेळी हृदयाचं गणितही करून टाक. शांत बसलेलं असताना एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडतं, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे पाच लिटर. आपली छोटी कळशी. जिवाच्या आकांताने लोकल पकडताना तेच हृदय मिनिटाला १५-२० लिटर फिरवतं. सराव असलेल्या मुलीचं हृदय एका ठोक्यालाच जास्त रक्त ढकलतं, म्हणून बसल्या जागी तिचे ठोके कमी पडतात. ‘इफेक्ट ऑफ एक्सरसाइज ऑन कार्डिओव्हॅस्क्युलर सिस्टिम’ हा पाच गुणांचा प्रश्न इथूनच सुरू कर.

स्नायूंच्या आकुंचनाचे प्रकार तू उलटेसुलटे लिहिलेस. त्यासाठी कर्जत स्टेशन आठव. पुण्याकडे निघालेल्या गाड्यांना इथे मागून बँकर इंजिनं लावतात, कारण बोर घाटाचा चढ ३७ला १ असा आहे. वडेवाल्यांच्या आरोळ्या चालू असतात तोवर मागून धक्का बसतो, इंजिन जोडलं गेलं. उलट घाट उतरणाऱ्या गाडीची सगळी भिस्त ब्रेकवर. तुझ्या मांडीचंही तसंच आहे. गेल्या वर्षी आपण पेठचा किल्ला चढलो तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू आखडत जोर लावत होता, ते कॉन्सेन्ट्रिक. उतरताना तोच स्नायू लांबत लांबत तुझं वजन रोखून धरत होता, ते एक्सेन्ट्रिक. दम चढताना लागला, पण दुसऱ्या दिवशी तुला जिना उतरवत नव्हता, आठवतंय? ती दुखापत नव्हती. ब्रेक लावून लावून स्नायूच्या धाग्यांना आलेला तो ताण होता. आणि भाताच्या आवणीच्या दिवसांत चिखलात तासन्‌तास वाकून राहणाऱ्या बायकांची कंबर? पाठीचा स्नायू जोर लावतोय, पण हलत काहीच नाही. आयसोमेट्रिक. भिंत ढकलण्याचं उदाहरण सगळी मुलं लिहितात. तू आवणी लिही, तपासणारे थांबून वाचतील.

सामन्यांचं वेळापत्रक हा सगळ्यात सोपा भाग, तिथे गुण घालवू नकोस. जत्रेतली कबड्डी डोळ्यांपुढे आण. १९ संघ आले, बाद पद्धत. सामने एकूण १८, कारण एक सोडून सगळे एकदा हरणार. पुढे चाल म्हणजे बाय ३२ वजा १९, तेरा. झालं. चढाई ३० सेकंदांची असते, ती कुठल्या ऊर्जेवर चालते हेही तिथेच विचार करून ठेव. पहिले सात-दहा सेकंद साठवलेल्या एटीपी-सीपीवर, मग ऑक्सिजनवाचून साखर मोडून.

फार्टलेक शब्द स्वीडिश आहे. गोस्टा होल्मर नावाच्या प्रशिक्षकाने १९३०च्या दशकात ही पद्धत बसवली. वेगाशी खेळणं, एवढाच त्याचा अर्थ. राजनाल्याच्या कडेने रस्त्याला विजेचे खांब आहेत. एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत जोरात, पुढच्यापर्यंत हळू. पहाटे पोलीस भरतीची मुलं-मुली तिथे पळतात, त्यांच्या सोबतीने जा. जुन्या हायवेवर मात्र अजिबात पळायचं नाही, ट्रकवाल्याला अंधारात तू दिसणार नाहीस.

आता एक गोष्ट. ही मी आईलाही उशिरा सांगितली.

अकरावीत मी ८०० मीटर पळायचे. अंग हलकं झालं तर वेग वाढेल असं माझ्या डोक्यात कुणी घातलं नव्हतं, माझं मीच घेतलं होतं. रात्रीची भाकरी सोडली. ‘शाळेत खाल्लं’ असं सांगायचे. दोन महिन्यांनी पाळी थांबली, आणि मने, मला बरं वाटलं. कटकट गेली म्हणून. चार महिने कुणाला बोलले नाही. मग नडगी दुखायला लागली. मी तेल चोळत राहिले आणि पळत राहिले. एक दिवस दुसऱ्या फेरीत पाय टेकवेना. हाडाला बारीक चीर गेली होती. पुढे शिकायला गेले तेव्हा पुस्तकात ‘फीमेल अॅथलीट ट्रायड’ हे तीन शब्द दिसले, आणि वर्गातच माझे डोळे भरून आले. माझं अख्खं वर्ष तिथे एका परिच्छेदात लिहिलेलं होतं. मेहनतीच्या मानाने खाणं अपुरं पडलं की शरीर पाळी थांबवतं, पाळी थांबली म्हणजे इस्ट्रोजेन उतरलं, आणि इस्ट्रोजेन उतरलं की हाडं ठिसूळ व्हायला लागतात.

तुझ्या पुस्तकात हा भाग ‘मुलं आणि स्त्रिया खेळात’ या प्रकरणात आहे. वर्गात तो घाईघाईने उरकतात, मुलीही मान खाली घालून बसतात. तू मान वर करून वाच. आणि तीन महिने पाळी आली नाही तर त्याच दिवशी काकूंना सांग, नाहीतर मला फोन कर. मी तुला घेऊन डॉक्टरांकडे येईन, घरी कुणाला काय सांगायचं ते आपण नंतर ठरवू. पाळी चालू असताना पळायला शास्त्राची ना नाही. दुखत असेल तर त्या दिवशी थांब, नसेल तर पळ.

खाण्याच्या प्रकरणातही डबे आणि पावडरी यांच्या मागे लागू नकोस. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आपल्याकडे ठाकरवाडीवरच्या वरकस जमिनीत ती पिकते. आजी तिची आंबील करते, ती आपण ‘गरिबाची’ म्हणून बाजूला सारत होतो. पळायच्या आधी दोन तास भात किंवा भाकरी, पळून आल्यावर अर्ध्या तासात गूळ-शेंगदाणे, अंडं, उसळ, जे घरात असेल ते. साध्या घरातून मोठं पळता येत नाही असं वाटलं, तर सावरपाड्याची कविता राऊत आठव. नाशिकच्या आदिवासी पाड्यावरची मुलगी, २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला तिला कांस्यपदक मिळालं. पाड्यावरच्या मुलींना मी तिचा फोटो दाखवते तेव्हा त्या आधी तिचे पाय बघतात.

प्रॅक्टिकलचे ३० गुण तुझ्या हातातले आहेत. फिटनेस चाचणीला ६, खेळाला ७, योगासनांना ७, वहीला ५, तोंडीला ५. ६०० मीटर धावणं एका आठवड्यात सुधारत नाही, ते आजच सुरू कर. बसून पुढे वाकायची चाचणी मात्र रोज पाच मिनिटं दिलीस तर महिन्याभरात बोटभर तरी पुढे सरकेल. अंग गरम झाल्यावरच ताण, थंड अंगाने नको. वहीत छापील चित्रं चिकटवू नकोस. तुझे लोकलमधले नाडीचे आकडे घाल.

आणि त्या वहीसाठी आजी आहेच. मागच्या रविवारी मी तिची रिक्ली-जोन्स चाचणी घेतली. कॅलिफोर्नियातल्या दोन प्राध्यापिकांनी म्हाताऱ्या माणसांसाठी ही चाचणी तयार केली, आणि तुझ्या अभ्यासक्रमात ती आहे. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली, आजीला हात छातीशी घ्यायला सांगितले आणि ३० सेकंद लावले. ‘उठायचं आणि बसायचं? कशाला?’ म्हणाली, आणि उठली. चौदा वेळा, मने. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. तिच्या वयाच्या बायकांसाठी १० ते १५ हा नेहमीचा पल्ला धरतात. जन्मभर जमिनीवर बसली-उठली, चुलीपाशी उकिडवी बसली, त्याचे ते पाय आहेत. मग पाठीमागे हात जुळवायला सांगितलं, एक खांद्यावरून, एक खालून. तिथे तिची बोटं एकमेकांपासून वीतभर लांब राहिली. उजवा खांदा वर जाईना. मी विचारलं तेव्हा म्हणाली, ‘मोळ्या वाहिल्या ना गं त्या खांद्यानं.’ मी ते अंतर मोजायला गेले तर टेप सापडली नाही, म्हणून तो आकडा वहीत रिकामा आहे.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीने ये. काकूंची शिवणाची टेप आण, आणि काकांनाही घेऊन ये. आजीनंतर त्यांना खुर्चीवर बसवू.

तुझी,
ताई