लाडानं गेलेलं झाड

अगं, डोळे पूस आधी. तुझं बटरवर्ट दुर्लक्षानं नाही, लाडानं गेलं. माझं पहिलं झाडही असंच गेलं होतं. गांडूळखत घातलं, रोज नळाचं पाणी दिलं आणि मधला कोंब काळा पडला. म्हणून सांगते, ऐक.

आधी या झाडाचं माहेर समजून घे. आपल्याकडे घरात ठेवतात ती बहुतेक बटरवर्ट मेक्सिकोतली. तिथल्या डोंगरांत, कित्येकदा चुनखडीच्या खडकाच्या भेगांत, जेमतेम मातीत ती वाढतात. मातीत नत्र नाही, म्हणून पानांनी चिकट थेंब धरले. चिलट बसलं की अडकतं, पान पाचक रस सोडतं आणि नत्र पानातूनच आत जातं. मुळांना खताची सवयच नाही गं, ती जळतात. नळाच्या पाण्यातले क्षारही कुंडीत साचत जातात.

मग द्यायचं काय? पावसाचं पाणी. पाऊस आहे तोवर बाटल्या भरून ठेव. ते संपलं की डिस्टिल्ड वॉटर. आरओचं पाणी टीडीएस 50च्या आत असेल तरच घाल. कुंडीत परलाइट, व्हर्मिक्युलाइट आणि स्वच्छ धुतलेली जाड वाळू. खाली बशीत बोटाच्या पेरापेक्षा कमी पाणी. जागा पूर्वेच्या खिडकीची. मे महिन्याचं दुपारचं ऊन मात्र अजिबात नको.

थंडीत पानं बारकी, जाड होतील, चिकटपणा जाईल. तेव्हा घाबरून पाणी वाढवू नकोस. त्याच्या माहेरीही आपल्यासारखाच उन्हाळा सरता पाऊस आणि हिवाळा कोरडा. ते विसावा घेतंय. बशी काढून घे, अधूनमधून जरासा ओलावा पुरे.

व्हीनस फ्लायट्रॅपचा मोह एवढ्यात नको. ते अमेरिकेतल्या कॅरोलिनांच्या दलदलीतलं, त्याला खरी थंडी आणि भरपूर ऊन लागतं. कुणाकडे दिसलं तर गंमत म्हणून बोटानं जबडा मिटवू नकोस. प्रत्येक मिटण्यात त्याची ताकद खर्च होते.

आणि कासच्या पठारावर गेलीस की दवबिंदू दिसेल, सीतेची आसवं दिसतील. तीही कीटक खाणारीच, तीही उपाशी जमिनीतली. गुडघे टेकून डोळे भरून बघ, पण एकही उपटू नकोस. ती जमीन तुझ्या कुंडीत येणार नाही.

संक्रांतीला येशील ना? तेव्हा माझं झाड विसाव्यात असेल. त्याचं एक पान बुडापासून अलगद काढून तिळगुळाबरोबर तुझ्या हातावर ठेवीन. ओलसर वाळूवर नुसतं टेकव. काही आठवड्यांत बुडाशी इवलासा कोंब येईल. तोवर खताची पिशवी शेजारच्या काकूंच्या गुलाबाला देऊन टाक.