यंत्रमानवाच्या हाताची पकड

खाली पडलेली वस्तू उचलणे ही क्रिया निरोगी माणसाच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की, तिच्यामागील गणित त्याच्या ध्यानीही येत नाही. संधिवातामुळे ज्याला वाकता येत नाही, त्याला मात्र जमिनीवर पडलेली औषधाची बाटली दुष्प्राप्य होते. अशा माणसाच्या साहाय्यासाठी घरी तयार केलेल्या यंत्रमानवाच्या हातून बाटली वारंवार निसटू लागल्यास अधिक शक्तीची मोटर बसवावी, असे प्रथम सुचते. परंतु त्यापूर्वी पकडीचे स्वरूप समजून घेणे इष्ट होय.

दोन बोटांच्या चिमट्यात उभ्या धरलेल्या वस्तूस तोलून धरते ते बोटे व वस्तू यांमधील घर्षण. घर्षणाची कमाल मर्यादा दाब व घर्षणांक यांच्या गुणाकाराइतकी असते. २०० ग्रॅम वस्तुमानाच्या बाटलीचे वजन सुमारे २ न्यूटन भरते. बोटे गुळगुळीत असून घर्षणांक ०.२५ मानल्यास प्रत्येक बोटाचा दाब निदान ४ न्यूटन हवा. बोटांवर रबर चिकटवल्याने तोच अंक ०.८ झाला, तर १.२५ न्यूटन दाब पुरतो. उचलताना हिसका बसतो, म्हणून प्रत्यक्षात याच्या दुप्पट दाब ठेवणे श्रेयस्कर. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडाही या कामी उपयोगी पडतो.

दाब फाजील झाला तर पातळ काच फुटून इजा होण्याचा संभव असतो. बोटे वस्तूला भिडून अडली की मोटरमधील विद्युत्प्रवाह वाढतो. तो ठरावीक मर्यादेपर्यंत पोचताच दाब वाढविणे थांबेल, अशी योजना करता येते.

वेड्यावाकड्या वस्तूंसाठी निराळी युक्ती आहे. कॉर्नेल विद्यापीठ, शिकागो विद्यापीठ व आयरोबॉट कंपनी येथील संशोधकांनी २०१० साली कॉफीच्या पुडीने भरलेल्या रबरी फुग्याची पकड प्रसिद्ध केली. फुगा वस्तूवर दाबला असता तिच्या आकाराप्रमाणे वळतो. आतील हवा खेचून घेताच कण एकमेकांत अडकून तो घट्ट होतो व वस्तू धरली जाते. हवा परत सोडली की पकड सुटते.

सुधारणा करताना एका वेळी एकच बदल करावा, प्रत्येक बदलानंतर तीच वस्तू दहा वेळा उचलून पाहावी आणि यशापयशाची नोंद ठेवावी. म्हणजे कोणत्या बदलाचा किती उपयोग झाला, हे निश्चितपणे सांगता येते. हे प्रयोग काचेऐवजी प्लॅस्टिकच्या बाटलीवर करावेत.