चुंबकीय क्षेत्र आणि धातूचे पातळ थर

एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. अशा काही नॅनोमीटर जाडीच्या थरांवर चुंबकीय क्षेत्राचा कोणता परिणाम होतो, हे आपण पाहू.

प्रथम प्रकाशाचा विचार करू. चुंबकाच्या चकचकीत ध्रुवावरून ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा, प्रकाश परावर्तित झाला की ते प्रतल किंचित फिरते, असे जॉन केर यांनी 1877 मध्ये प्रसिद्ध केले. ते ग्लासगोच्या अध्यापक विद्यालयात गणित शिकवीत; त्यांची साधने साधीच होती. पातळ थरांचे चुंबकत्व तपासण्यासाठी आज हाच परिणाम उपयोगी पडतो.

आता विद्युतप्रवाह. चुंबकीय क्षेत्रात लोखंडाचा विद्युतरोध थोडा बदलतो, हे केर यांचे गुरू विल्यम थॉमसन यांनी 1857 मध्ये मांडले होते. 1988 मध्ये आल्बेर फेर आणि पीटर ग्रूनबर्ग यांच्या गटांनी स्वतंत्रपणे लोह व क्रोमियम यांचे थर आलटून पालटून रचले. लगतच्या लोहथरांचे चुंबकत्व परस्परविरुद्ध असता इलेक्ट्रॉन अधिक विखुरतात. बाह्य क्षेत्राने ते एकाच दिशेस वळविले की प्रवाहाची वाट सुकर होते. फेर यांच्या प्रयोगात, अतिशीत तापमानाला, रोध जवळपास निम्म्यावर आला. पुढे संगणकाच्या हार्ड डिस्कवरील माहिती याच तत्त्वाने वाचली जाऊ लागली. 2007 मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

थॉमसन आणि केर यांना आढळलेले बदल अत्यल्प होते, तरी त्यांनी ते नोंदविले. शाळेच्या साध्या उपकरणांवर शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सांगू: मापनात अल्प फरक दिसला तर तो खोडू नका, पुन्हा मोजा.