गाठी लाल असतील, तर युरिया राहू द्या

आमच्या लातूरकडे हरभरा पेरायचा म्हटलं की आधी खताच्या पोत्यांचा हिशोब होतो, जिवाणूंच्या पाकिटाची आठवण शेवटी होते. शेतात वापरून जे पटलं ते लिहितो.

१. पाकीट पिकाचं नाव वाचून घ्यावं. नुसतं ‘रायझोबियम’ पाहून भागत नाही. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, सोयाबीनचा वेगळा. तूर, मूग, उडीद, चवळी यांचा गट आणखी वेगळा. खरिपातलं उरलेलं सोयाबीनचं पाकीट हरभऱ्याला चोळलं तर बी फक्त काळं होतं. शेवटची तारीखही बघा. उन्हात पडलेला माल स्वस्त मिळाला तरी नको. आतला जीव मेला की उरतो तो कोळशाचा भुगा.

२. आधी बुरशीनाशक, ते सुकल्यावर जिवाणू. हा क्रम उलटू नये. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम पाकीट, गुळाचं पाणी उकळून पूर्ण थंड केलेलं. हलक्या हातानं लावावं. सोयाबीनची साल पातळ असते, घासली की निघते. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावं. असं बी डीएपीत कालवून पेरणं म्हणजे केलेलं सगळं पाण्यात.

३. जिवाणू हवेतलं नत्र देतो, स्फुरद देत नाही. उलट मुळांवरच्या त्याच्या गाठींच्या कामाला स्फुरद भरपूर लागतं. हरभऱ्याची शिफारस हेक्टरी २५ किलो नत्र, ५० किलो स्फुरद. एकरी डीएपीचं एक पोतं त्याच्या जवळपास जातं. नत्र एवढंसंच, कारण गाठी कामाला लागेपर्यंतचे पहिले दोन-तीन आठवडेच रोपाला ते हवं असतं. मी सुपर फॉस्फेटला झुकतो, त्यातून गंधक मिळतं. मग नत्राची सोय थोड्या युरियानं पेरणीवेळीच करावी लागते.

४. नंतर युरिया फेकू नये, यावर घराघरात भांडणं होतात! झाड साखर देऊन गाठीतला जिवाणू पोसतं. मुळाशी आयतं नत्र आलं की हा खर्च ते कशाला करेल? काळोखी येते, शेजारी कौतुक करतात, पण घाट्यांचं वजन काळोखीवर ठरत नाही. फुलोऱ्यात दोन टक्के युरियाची फवारणी वेगळी. ती पानावर जाते, मात्राही थोडी.

५. पाणी तुंबवू नये. गाठींनाही हवा लागते.

६. महिना-सव्वा महिन्यानं झाड खणून बघावं. उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्यानं ढेकळासकट काढून बादलीत धुवावं आणि गाठ नखानं फोडावी. आत लालसर-गुलाबी असेल तर नत्राचं काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. यंदा युरियाचं पोतं घ्यायच्या आधी चार-पाच ठिकाणची झाडं अशी बघा आणि मगच दुकानात जा.