मुखविकारांचे सांकेतिक वर्गीकरण आणि कर्करोगाची मोजणी

एखाद्या जिल्हा रुग्णालयाच्या दंतविभागात एकाच सकाळी तीन रुग्ण आले, असे समजा. तिघांचीही तक्रार गालाच्या आतल्या बाजूची. पहिल्याच्या गालात लहानशी गाठ आहे व बायोप्सीत ती साधी तंतुमय गाठ ठरते. दुसऱ्याच्या गालात, तंबाखूचा बार ठेवण्याच्या जागी, पुसला न जाणारा पांढरा चट्टा आहे. तिसऱ्याच्या गालात त्याच जागी न भरणारा व्रण असून बायोप्सीत कर्करोग निष्पन्न होतो. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीनुसार पहिल्याचा संकेतांक डी १०.३, दुसऱ्याचा के १३.२ आणि तिसऱ्याचा सी ०६.० असा होतो. राष्ट्रीय कर्करोग आकडेवारीत या तिघांपैकी केवळ तिसराच पोहोचतो. दुसरा रुग्ण, ज्याच्या बाबतीत रोग टाळण्यास अद्याप अवधी आहे, तो नियोजनकारांच्या तक्त्यात कोठेही दिसत नाही. सार्वजनिक आरोग्याच्या अर्थशास्त्रात या अनुपस्थितीचे महत्त्व मोठे आहे.

वर्गीकरणाचा उगम

रोगांना समान नावे व क्रमांक देण्याची गरज प्रथम मृत्यूंच्या तुलनेतून निर्माण झाली. पॅरिसचे संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये शिकागो येथील आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र संस्थेच्या अधिवेशनात मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले व मृत्यूबरोबर आजारपणाचीही नोंद त्यात समाविष्ट झाली. दहावी आवृत्ती १९९० मध्ये संमत झाली. अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये स्वीकारली जाऊन १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असली, तरी भारतातील प्रकाशित आकडेवारी प्रामुख्याने दहाव्या आवृत्तीच्या भाषेतच वाचावी लागते.

संकेतांकांची रचना

दहाव्या आवृत्तीत अर्बुदे, म्हणजे पेशींच्या अनिर्बंध वाढीतून होणाऱ्या गाठी, दुसऱ्या प्रकरणात येतात. तेथे प्रथम गाठीचा स्वभाव पाहिला जातो व नंतर तिची जागा. घातक अर्बुदांसाठी ‘सी’ हे अक्षर असून ओठ ते तोंडाचा अंतर्भाग यांसाठी सी ०० ते सी ०६ हे गट आहेत : सी ०० ओठ, सी ०१ जिभेचे मूळ, सी ०२ जिभेचा उर्वरित भाग, सी ०३ हिरडी, सी ०४ जिभेखालील मुखतळ, सी ०५ टाळू आणि सी ०६ तोंडाचे इतर भाग. ज्या जागी सुरू झाला तेथील पेशीस्तर ओलांडून खाली न उतरलेला कर्करोग डी ००.० मध्ये, सौम्य गाठी डी १० मध्ये आणि ज्यांच्या स्वभावाविषयी निश्चित सांगता येत नाही त्या डी ३७.० मध्ये जातात.

तोंडातील इतर विकृती मात्र या प्रकरणात नाहीत. त्या पचनसंस्थेच्या आजारांच्या अकराव्या प्रकरणात आहेत. वारंवार येणारे साधे तोंड के १२.० मध्ये, ल्युकोप्लेकिया म्हणजे पांढरा चट्टा के १३.२ मध्ये, आणि सुपारीच्या सेवनाने तोंडाचे अस्तर ताठ होऊन तोंड उघडेनासे होणारा सबम्युकस फायब्रोसिस के १३.५ मध्ये. या शेवटच्या विकाराचे वर्णन मुंबईचे डॉ. जोशी यांनी १९५३ मध्ये केले होते. सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष मात्र आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००३ मध्ये काढला. के १३.२ या संकेतांकात एक दोषही आहे. कर्करोगात रूपांतर होण्याचा धोका ज्यात कितीतरी अधिक असतो तो लाल चट्टा, म्हणजे एरिथ्रोप्लेकिया, पांढऱ्या चट्ट्याबरोबर त्यातच बसवला आहे. त्यामुळे केवळ संकेतांक पाहून धोक्याची प्रतवारी करता येत नाही.

कर्करोग नोंदणी केंद्रे याहून सूक्ष्म अशी अर्बुदशास्त्रीय पद्धत वापरतात. तीत जागेच्या संकेतांकाबरोबर पेशींच्या प्रकाराचा चार अंकी क्रमांक आणि तिरप्या रेषेनंतर स्वभावदर्शक अंक असतो. शून्य म्हणजे सौम्य, १ अनिश्चित, २ जागच्या जागी असलेला व ३ घातक. तोंडातील बहुतेक कर्करोग ज्या प्रकारचे असतात त्या स्क्वॅमस पेशींच्या कर्करोगाचा संकेत ८०७०/३ असा होतो. घटनाप्रमाण काढताना ३ अंकाच्या नोंदीच धरल्या जातात, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

चौथ्या स्थानाचे मोल

दशांश चिन्हानंतरचा अंक अनेकदा लिपिकाचा बारकावा समजून दुर्लक्षिला जातो. वस्तुतः भारताच्या संदर्भात धोरणाला लागणारी माहिती तेथेच असते. पाश्चात्त्य देशांत जीभ व मुखतळ यांचे कर्करोग अधिक आढळतात, तर भारतात गाल आणि हिरडी यांचे. कारण उघड आहे. तंबाखू-चुन्याचा बार किंवा गुटखा गाल व हिरडी यांच्यामधील खोबणीत तासन् तास धरून ठेवला जातो. गालाचे अस्तर सी ०६.०, ही खोबण सी ०६.१ आणि शेवटच्या दाढेमागचा भाग सी ०६.२. केसपेपरवर ‘तोंडाचा कर्करोग’ एवढेच लिहिले, तर संकेतकाराला सी ०६.९, म्हणजे ‘जागा अनिर्दिष्ट’, देण्यावाचून गत्यंतर नसते. अशा नोंदी वाढल्या की धूररहित तंबाखूवरील निर्बंधांचा परिणाम जागेनुसार मोजणे दुरापास्त होते. २०१२ पासून अनेक राज्यांनी गुटख्यावर बंदी घातली. तिचे यशापयश तपासण्याचे एक साधन अशा प्रकारे बोथट होते.

संशयित निदानाचा प्रश्न याहून अवघड. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमानुसार उपचाराच्या अखेरीसही निदान ‘संशयित’च राहिले व अधिक माहिती नसेल, तर ते निश्चित असल्याप्रमाणे संकेतबद्ध करावयाचे असते. अमेरिकेत बाह्यरुग्णांसाठी नेमका उलट नियम आहे; तेथे संशयिताला रोगाचा संकेतांक देता येत नाही. दोन देशांचे रुग्णालयीन आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी हा भेद पाहणे आवश्यक ठरते.

भारतातील मोजणी

मुंबईतील लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये सुरू झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम १९८१ च्या अखेरीस आरंभला गेला, तर १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण नोंदणी स्थापन झाली. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण व जवळजवळ ८० हजार मृत्यू झाले. जगातील एकूण नव्या रुग्णांत हा वाटा एक तृतीयांशाहून अधिक आहे. हे आकडे सी ०० ते सी ०६ एवढ्यांचेच आहेत.

मृत्यूच्या बाजूने चित्र अधिक अपुरे आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४ आणि रुग्णालयाबाहेरील मृत्यूसाठी नमुना ४-अ भरला जातो. तरीही २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेले होते. त्यातही ‘हृदयक्रिया बंद पडणे’ असे लिहिले गेले, तर मूळ कारण असलेला गालाचा कर्करोग तक्त्यातून नाहीसा होतो. हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते!

संकेतांक आणि खर्च

२३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत प्रतिकुटुंब वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. जबड्याचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमोथेरपी या सर्वांसाठी दावा होतो आणि दाव्याबरोबर नोंदही होते. के १३.२ चा रुग्ण मात्र बहुधा बाह्यरुग्ण विभागातच असतो. त्याची तपासणी, तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन व दर काही महिन्यांनी पुनर्तपासणी यांचा दावा होत नाही, म्हणून नोंदही टिकत नाही. स्वस्त टप्पा अदृश्य आणि महाग टप्पा दृश्य, अशी ही रचना आहे. केवळ दाव्यांच्या आकडेवारीवरून अर्थसंकल्पीय तरतूद ठरवली, तर निधी आपोआप दुसऱ्या टप्प्याकडे वाहू लागतो.

पहिल्या टप्प्यातील खर्च वाया जात नाही, याचा पुरावा भारतातच उपलब्ध आहे. केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून झालेल्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडे डोळ्यांनी तपासली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांच्या गटात मुखकर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी आढळले. आज ३० वर्षांवरील व्यक्तींसाठी आशा कार्यकर्ती जी प्रश्नावली भरते, तीत तोंड उघडण्यास त्रास होतो का आणि दोन आठवड्यांत न भरलेला व्रण वा चट्टा आहे का, हे प्रश्न आहेत. यातील पहिल्या प्रश्नाचा रोख के १३.५ कडे असू शकतो, दुसऱ्याचा के १३.२ पासून सी ०६.० पर्यंत कोठेही. तथापि प्रश्नावलीतील ‘होय’ हे निदान नव्हे. त्या व्यक्तीला दंतवैद्याने तपासून केसपेपरवर विकाराचे नाव व जागा लिहिली, तरच त्या उत्तराला संकेतांक मिळतो.